बर्फाआधीचे टायर

पाचवा नट झाकणात टणकन पडला आणि हेल्वीने ते झाकण नकळत छातीशी ओढून धरलं — कॉफीच्या जुन्या डब्याचं पत्र्याचं झाकण, कडेला गंजलेलं, मधल्या निळ्या किटलीचा रंग उडालेला, आणि आता त्या किटलीवर पाच नट, गार, तेलकट, एकमेकांना चिकटून. एक चाक, पाच नट. तिचं काम एवढंच. तैस्तो गुडघ्याखाली पोतं घेऊन बसतो, नट सोडवतो आणि न बघताच हात मागे करतो, आणि तिने झाकण नेमकं त्या हाताखाली आणायचं. घटस्फोटाला नऊ वर्षं झाली, पण हा हात केव्हा मागे येणार हे तिला अजून आधीच कळतं... संसारातलं काय काय विसरायला झालं, आणि राहिलं ते हे.

सप्टेंबरची एकवीस तारीख. अंगणातले बर्च पिवळेजर्द, रस्ता कोरडा ठणठणीत, बर्फाचा मागमूस नाही, आणि तैस्तो तिच्या गाडीला खिळ्यांचे टायर चढवतोय. गावात यावरून चेष्टा चालते: तैस्तोने जॅक बाहेर काढला की बटाटे काढायला घ्यावेत. एकदा केमियार्वीच्या वाटेवर पोलिसाने तिला अडवलंही होतं, कोरड्या डांबरावर खडखडत चाललेली गाडी ऐकून. इतक्या लवकर खिळे लावायला कायद्याने मनाई आहे. तिने काच खाली केली, त्याने तिचा चेहरा पाहिला, टोपी सारखी केली, "सावकाश जा, हेल्वी," म्हणाला आणि बाजूला झाला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. त्यांचा मुलगा आर्नी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी तैस्तोने एक ऑक्टोबरला टायर बदलले, आणि पुढे दरवर्षी एक एक दिवस आधी, जणू असंच मागे मागे सरकत गेलं तर कधीतरी त्या रविवारच्या अलीकडे पोचता येईल. वरातीमागून घोडं, असं दुकानातला म्हातारा एकदा म्हणाला होता, ती मागेच उभी आहे हे न बघता. तिला रागही आला नाही. खरंच होतं ते.

आणि आज हे शेवटचं. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा निरोप आला फोनवर, नेहमीसारखा, शब्द मोजून टाकल्यासारखा: घर विकलं, रायलीच्या मुलीजवळ ओउलूला जातोय, टायर बदलून देतो, ये. चाळीस किलोमीटरभर ती एकच वाक्य घोळवत आली होती. आज बोलायचं. यापुढे झाकण नाही, पोतं नाही, हात मागे येणं नाही. आज नाही बोललं तर मग काय ओउलूला जाऊन दार वाजवणार आहेस, हेल्वी? आणि रायलीने दार उघडलं तर काय, वेलदोड्याचा पाव खाऊन परत येणार आहेस?

रायली पायरीवर आलीच होती, हाताला पीठ. "अगं, गारठशील तिथे उभी राहून. याला काय, याचा सगळा जीव टायरमध्ये. मला तर वाटतं, मला गाडी चालवता येत नाही म्हणूनच याने माझ्याशी लग्न केलं, तेवढाच चार टायरांचा ताप कमी."

"तुझे टायर घासलेच नसते," तैस्तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुझी जीभच चालते."

"ऐकलंस?" रायली हसत आत गेली. हेल्वीही हसली. रायलीचा राग करता आला असता तर किती सोपं झालं असतं. पण ती भली बाई होती, मोठ्याने हसायची, आणि तैस्तो तिच्या हसण्याजवळ शेकत बसायचा. हेल्वीच्या घरात — म्हणजे याच घरात — त्या वर्षानंतर कोणी हसलं नव्हतं.

त्याने नवीन टायर भिंतीला टेकवून उभा केला. या वर्षी चारही नवे आणले होते. जुन्यांचे खिळे चार हिवाळ्यांत झिजून गेले होते, काही पडलेही होते. काढलेल्या उन्हाळी टायरवर तो खडूने दोन अक्षरं लिहीत होता, कुठलं चाक कुठलं, आणि प्रत्येक वेळी अक्षरं तिला दाखवत होता. हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. आजवर ती अक्षरं त्याची होती.

"हे डावं पुढचं. नीट बघून ठेव. पुढल्या वर्षी ज्याच्याकडून करून घेशील त्याला सांग, खिळ्यांच्या चाकाची फिरायची दिशा बदलायची नाही. एका अंगाला फिरून फिरून खिळा त्या अंगाला रुळतो. उलटं लावलंस तर सैल होतो आणि मग एकेक पडायला लागतात."

"सांगेन."

"विसरशील."

"नाही विसरणार, तैस्तो."

विसरशील... त्याने सहज म्हटलं होतं. तिला मात्र तो शब्द लागला. कारण ती विसरली नव्हती. लोकांना वाटेल विसरली, तिने स्वतःलाही कितीदा तसंच सांगून पाहिलं — माणूस आहे, राहून जातं. पण तो शनिवार तिला जसाच्या तसा दिसतो: ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, पाऊस, ओलं अंगण, आणि तैस्तो मूस हरणांच्या शिकारीला गेलेला, टायर न बदलता. दरवर्षी आधी टायर, मग शिकार; त्या वर्षी त्याच्या टोळीचा दिवस आधीचा निघाला आणि तो म्हणाला, आल्यावर बदलतो, दोन दिवसांत काय होतंय. त्यावरून ती भांडली होती. टायरसाठी नव्हे हो, टायरचं निमित्त करून. शनिवारी तिच्या आईला जाऊन वर्ष होत होतं आणि तो बंदूक खांद्याला लावून निघून गेला होता, भांडण तेवढ्याचंच होतं. संध्याकाळी छावणीवरून त्याचा फोन आला. वर टेकडीवर आत्ताच शून्याखाली गेलंय, पाऊस थांबला की रात्रीत रस्ता काच होईल, आर्नीला सांग उद्या गाडीला हात लावायचा नाही, मी येतो दुपारपर्यंत. सांगते, ती म्हणाली. आर्नी त्याच्या खोलीत होता, दार लावून, कानात गाणी. बारा पावलं. तिने फोन ठेवला आणि मनात म्हणाली, तूच सांग की तुझ्या पोराला, मी काय तुझी निरोप्या आहे. ताटं विसळली. मग सकाळी सांगू म्हणाली.

मी झाकण धरलंय. दुसऱ्या चाकाचे नट पडताहेत, एक... दोन...

रविवारी दुपारी स्वयंपाकघरात पोलीस होता, आणि तैस्तो नारिंगी जाकिटातच उभा होता, बुटांना चिखल, शिकारीतून तसाच आणलेला. पुलावर गाडी फिरली, पोलीस सांगत होता, वेग जास्त नव्हता, उन्हाळी टायर होते. तैस्तोने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा रंग... तो रंग मी पुन्हा कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. "सांगितलं होतंस ना त्याला?" एवढंच. आणि तिची मान हलली. शब्दही नव्हता, होकाराएवढी मान हलली, दोन बोटं खाली आणि दोन बोटं वर, आणि त्या मानेवर अकरा वर्षं उभी राहिली. तैस्तोने दीर्घ श्वास सोडला, जाकिटाची चेन खाली ओढली आणि म्हणाला, "ऐकलं नाही कार्ट्यानं." एकोणीस वर्षांचं पोर शवागारात होतं आणि बापाचा त्याच्याबद्दलचा शेवटचा शब्द होता कार्टं.

तेव्हा तिला वाटलं, असू दे. आज नको. पुरून झालं की सांगू. मग वाटलं, हिवाळा जाऊ दे. मग तैस्तो बोलायचाच बंद झाला. आर्नीचं नाव काढलं की उठून लाकडं फोडायला जायचा. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी सारं गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातं, बर्फात शेकडो ज्योती, प्रत्येक घरची एक तरी. आर्नीच्या दगडापुढे हेल्वी एकटी वाकायची. पहिल्या वर्षी तैस्तो गाडीतच बसून राहिला. दुसऱ्या वर्षी गाडीतही आला नाही. लोक म्हणायचे, फार लागलं त्याला. लागलं होतंच, पण त्याला दुःख करताच येत नव्हतं, कारण तो रागावलेला होता. मेलेल्या पोरावर रागावलेल्या माणसाजवळ झोपायचं आणि तो राग आपण लावून दिलाय हे माहीत असायचं... दोन वर्षांनी तिनेच म्हटलं, वेगळं होऊ या. तो 'बरं' म्हणाला. आणि त्या शरदात फोन करून म्हणाला, टायर बदलायला ये, तुझे टायर इथेच आहेत.

तिसरं चाक झालं. तैस्तो उठताना चाकाच्या वरच्या पत्र्याला धरून उठला. गुडघा दुखतो त्याचा. सहासष्ट पूर्ण. कानामागचे केस पांढरे, मानेवर सुरकुत्यांची जाळी, तिथे ती पूर्वी हात ठेवायची. चौथ्या चाकाशी तो बसला, नट काढले, हात मागे केला, तिने झाकण धरलं. पण या वेळी नट टाकून झाल्यावर हात तसाच राहिला, झाकणाच्या कडेवर.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

ती थांबली. माझं वाक्य त्याच्या तोंडी कसं आलं?

"रायली म्हणते, जायच्या आधी पोराशी मिटवून टाक. मनात ठेवून जाऊ नकोस." त्याने नवीन टायर उचलून बसवला, पहिला नट हाताने फिरवला. "तर मी मिटवलं. परवा गेलो होतो दगडापाशी. म्हटलं, जाऊ दे, एकोणिसाव्या वर्षी मीही कोणाचं ऐकलं नव्हतं. माफ केलं म्हटलं. या ख्रिसमसला ओउलूहून येईन, मेणबत्ती लावेन. तू पण असशील तर... बघ."

तिने झाकण पुढे केलं.

"एकच कोडं सुटत नाही," तैस्तो म्हणाला, दुसरा नट फिरवत. "तो तसा नव्हता गं. 'नको' म्हटलं की थांबायचा. लहानपणी तळ्यावर बर्फ धरला की काठाशी उभा राहायचा, मी हाक मारीपर्यंत पाऊल टाकायचा नाही. बाकीची पोरं भित्रा म्हणून चिडवायची. असं पोर त्याच एका दिवशी कसं नाही ऐकणार? अकरा वर्षं विचार करतोय. म्हणजे मला तो कळलाच नव्हता, असंच ना?"

हेल्वीने झाकणात उरलेल्या तीन नटांकडे पाहिलं. आर्नीला बर्फाने नेलं, ते एक झालं. पण या माणसाचा चांगला मुलगा, 'नको' म्हटलं की थांबणारा, काठाशी उभा राहणारा, तो मी नेला. त्याच्या जागी एक उर्मट कार्टं ठेवून दिलं, आणि हा अकरा वर्षं त्या परक्या पोराशी भांडतोय. आता त्यालाच माफ करून आला. माझ्या आर्नीला माफ करून आला... कशाबद्दल?

"मी सांगितलं नव्हतं त्याला," ती म्हणाली.

पाना फिरत होता. तो मोजून आवळायचा पाना होता. ठरलेला जोर आला की कट् वाजायचा. कट्. पुढचा नट. कट्.

"तुझा फोन आला त्या रात्री. मी सांगितलंच नाही. रागात होते. सकाळी सांगेन म्हटलं. तू विचारलंस तेव्हा खोटीच मान हलवली."

तैस्तोने त्याच नटावर पाना पुन्हा लावला. कट्. पुन्हा. आवळून झालेला नट तो आवळत राहिला, कट्, कट्, आणि तिला वाटलं हा आता थांबणारच नाही, अंधार पडेपर्यंत हा असाच बसेल. मग पाना खाली टेकला.

"त्याला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. तिला विचारत नव्हता.

"नाही."

"म्हणजे त्याने ऐकलं नाही, असं नाही."

"त्याला कोणी सांगितलंच नाही, तैस्तो."

तो पत्र्याला धरून उठला, घराकडे गेला नाही, लाकडाच्या ढिगामागे गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. खांदे हलत नव्हते. रायली दारात आली, "कॉफी झालीय—" म्हणाली, आणि दोघांकडे बघून तिने दार हळूच ओढून घेतलं. हेल्वी झाकण धरून उभी होती. झाकणात तीन नट होते. काय करावं तिला कळेना. जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायचा हक्क तिने नऊ वर्षांपूर्वी सोडला होता, खरं तर अकरा. मार म्हणावं मला, शिव्या दे, हाकलून दे... पण ढिगाआडून काहीच येत नव्हतं, आणि ते काहीच न येणं तिला सोसवेना.

बऱ्याच वेळाने तो परत आला. डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर तिने अपेक्षा केलेलं काहीच नव्हतं. चेहरा मऊ होता. अकरा वर्षांत तिने तो मऊ पाहिला नव्हता. त्याने पोत्यावर गुडघा टेकला आणि हात मागे केला, आणि तिने झाकण पुढे धरलं. तीन नट. कट्, कट्, कट्. जॅक उतरवला. मग हात पुसत, तिच्याकडे न बघता:

"नवे खिळे आहेत. पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालव. जोरात ब्रेक नको, वळणावर झटका नको. रबरात बसायला वेळ लागतो त्यांना."

"हो."

"शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळून घे." दरवर्षी तो पुढे म्हणायचा, ये इकडेच. आज थांबला. "गावात घे आवळून. कोणीही करेल."

"तैस्तो..."

"जा आता, हेल्वी. मला जरा त्याच्याबरोबर बसू दे."

ती निघाली. फाट्यापर्यंत आरशात बघायचं टाळलं. कोरड्या डांबरावर खिळे खडखडत होते, दोन्ही बाजूंना पिवळी झाडं, मध्येच एक रेनडिअर रस्त्यात उभा, तिच्या गाडीला जागा द्यायचं त्याच्या मनात नाही. ती थांबली, वाट पाहिली, तो गेला. बोललं की मन मोकळं होतं म्हणतात. ती मोकळं व्हायची वाट पाहत होती. वीस किलोमीटर झाले, पंचवीस झाले... छातीवरचा धोंडा उतरला म्हणावं तर छातीच जागेवर नव्हती. त्याला जरा त्याच्याबरोबर बसायचंय. म्हणजे आता त्याच्याजवळ आर्नी आहे, खरा, शहाणा; तो ढिगामागे उभा राहून त्याला परत घेऊन आला. आणि मी? इतकी वर्षं तो खरा आर्नी फक्त माझ्याजवळ होता. सगळं जग त्याला ऐकलं नाही म्हणून नावं ठेवायचं आणि एकटी मी जाणायची की त्याने ऐकलं असतं. हे पाप होतं, पण एवढाच तो माझ्या एकटीचा उरला होता, आणि आज मी तोही देऊन आले.

सगळा नाही.

तळ्याकाठी रस्ता रुंद होतो तिथे तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. सगळा नाही दिला. सकाळी सांगेन म्हटलं, एवढं सांगून ती थांबली होती, आणि सकाळचं तैस्तोने विचारलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, ही झोपलेली असताना पोर निघून गेलं. ती जागी होती. साडेसातला अंगणात काच खरवडण्याचा आवाज आला, खर्र... खर्र... पुढची काच, मग बाजूच्या दोन, मग मागचीसुद्धा, जी त्याच्या वयाची पोरं कधी खरवडत नाहीत. काचेवर बर्फ धरलाय हे तिला त्या आवाजावरूनच कळत होतं. उठायचं, खिडकी उघडायची, एक हाक. फरशी गार होती. पांघरूण उबदार होतं. आणि मनात अजून ते भांडण, की जाऊ दे तसाच, येऊन बघू दे बापाला, टायर न बदलता जाणाऱ्याला. जाईल सावकाश, शहाणा आहे, असंही वाटलं. खरंच वाटलं होतं.

हे तैस्तोला सांगितलं पाहिजे. आज नाही तर फोनवर, पत्राने, ख्रिसमसला दगडापाशी. सांगितलं तर तो पुन्हा कधी तोंड बघणार नाही, पण त्याची तिला भीती वाटत नव्हती, आणि हे तिला आत्ता, या तळ्याकाठी, पहिल्यांदा समजत होतं. भीती वेगळीच होती. ते खरवडणं तिच्याशिवाय कोणी ऐकलं नाही. जगात आर्नीचं शेवटचं जे काही ऐकू आलं ते तिच्या कानात आहे, आणि ते तिच्या गुन्ह्याला इतकं चिकटून आहे की एक कोणाला द्यायचं तर दुसरंही द्यावं लागेल. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ती शिक्षेला घाबरून गप्प आहे. शिक्षा तिने केव्हाच कबूल केली असती. द्यायचा नव्हता तो आवाज.

खरवडून झाल्यावर तो थांबला होता क्षणभर. मग त्याने गाडीचं दार लावलं — आपटलं नाही, नेहमी आपटायचा आणि ती नेहमी ओरडायची — त्या दिवशी दोन्ही हातांनी धरून, दाबून, हळू लावलं. आई झोपलीय, तिला जाग येऊ नये, म्हणून.

जागी होते रे मी.